ए2 ते बी1: श्टुटगार्टमधल्या रोजच्या जर्मनच्या प्रकल्प नोंदी

15 सप्टेंबर 2025, सोमवार: काय करायचं ते ठरवणं

गट चौघांचा. सगळ्यांची ए2 (जर्मनची दुसरी पातळी, ए1 नंतरची; बी1 ही तिच्यापुढची) झालेली, ऑफिसचं काम इंग्रजीत, घरी मराठी. त्यामुळे जर्मन अडतं ते ठरावीक ठिकाणी: दवाखान्याच्या फोनवर, हाउसफरवाल्टुंगच्या (इमारतीची व्यवस्था बघणारी कंपनी) पत्रात, शाळेच्या पालकसभेत आणि जिन्यात.

फेब्रुवारीअखेर इंग्रजीचा आधार न घेता व्हायला हवीत अशी कामं लिहून काढली: डॉक्टरची फोनवरून वेळ घेणं, घरभाड्याच्या वार्षिक हिशोबाला लेखी उत्तर देणं, एखादा करार रद्द करणं, पालकसभेत एक प्रश्न विचारणं, शेजाऱ्यांशी पाच मिनिटं बोलणं, फोनवर नाव-पत्ता बिनचूक सांगणं. 'बी1 पूर्ण करणे' असं ध्येय मुद्दाम लिहिलं नाही. त्याने रोज संध्याकाळी काय करायचं ते कळत नाही.

अंतर किती आहे ते बघून घेतलं. ग्योटे इन्स्टिट्यूटची (पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन) ए2 ची शब्दयादी साधारण 1300 शब्दांची, बी1 ची साधारण 2400. म्हणजे सुमारे 1100 नवे शब्द. शून्यापासून बी1 पर्यंत 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात, असं संस्थाच सांगते. नोकरी सांभाळून रोज एक तासिका हेच झेपणारं माप.

साहित्य: बी1 चं एक पाठ्यपुस्तक आणि वर्कबुक (दोन संचांत चौघं, मिळून साठ-सत्तर युरो), अंकी हे कार्डांचं अ‍ॅप (कम्प्युटर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत), डॉइचे वेले या प्रसारण संस्थेचा 'निकोज वेग' हा फुकट कोर्स आणि फोल्कसहोखशूलेचं (प्रौढशिक्षण केंद्र) फुकट लर्नपोर्टल (शिकण्याचं संकेतस्थळ). याहून जास्त साहित्य घेतलं की अर्धा वेळ साहित्य लावण्यातच जातो.

22 सप्टेंबर: कार्डं पहिल्याच आठवड्यात तुंबली

अंकीत रोज 20 नवी कार्डं हे मूळ सेटिंग असतं. तसंच ठेवलं आणि आठवड्यात उजळणीचा ढीग इतका वाढला की पाठ्यपुस्तकाला वेळच उरेना. नवी कार्डं रोज 10 वर आणली. 1100 भागिले 10 म्हणजे 110 दिवस. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात यादी संपायला हवी.

दुसरी अडचण कार्डाच्या रूपाची. एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ अशी कार्डं ओळखायला येतात, पण बोलताना तो शब्द तोंडात येत नाही. सगळी पुन्हा बनवली. आता नियम असे:

नाम असेल तर लिंग आणि अनेकवचनासकट. क्रियापदाला ठरलेलं शब्दयोगी अव्यय असेल तर विभक्तीसकट आणि छोट्या वाक्यात, म्हणजे नुसतं 'वार्टेन' नाही तर 'इश वार्टे आउफ डेन बुस' (मी बसची वाट बघतोय). अनियमित क्रियापदाची तिन्ही रूपं एका ओळीत: 'गेहेन, गिंग, गेगांगेन'. पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागच्या बाजूला जर्मन. उलट्या दिशेची कार्डं काढूनच टाकली. वाचताना शब्द भेटतातच, त्यांची ओळख आपोआप होते.

एक वाक्य-कार्ड बनवायला दीड-दोन मिनिटं लागतात. दहा कार्डं म्हणजे वीस मिनिटं. म्हणून कार्डं रविवारी एकदम बनवायची आणि चौघांत वाटून घ्यायची.

29 सप्टेंबर: वाक्यरचना मराठीवरून लावली

ए2 ला वाक्यं सुटी-सुटी असतात. बी1 म्हणजे ती एकमेकांना जोडणं: 'वाइल' (कारण), 'डास' (की), 'ओप' (का/की नाही), 'ओबव्होल' (असूनही), 'डामिट' (म्हणून/यासाठी की). यात क्रियापद शेवटी जातं, आणि इथेच इंग्रजीची सवय आडवी येते. मनात आधी इंग्रजी वाक्य बनतं, मग त्याचं जर्मन होतं, आणि क्रियापद मध्येच पडतं.

मराठीवरून गेलं तर हा भाग जवळपास सरळ आहे. 'मी येऊ शकत नाही, कारण माझी मुलगी आजारी आहे': यातला दुसरा तुकडा शब्दाखाली शब्द ठेवून लिहा: 'वाइल माइने टोख्टर क्रांक इस्ट'. क्रम तोच. तीच गोष्ट काळ-रीत-स्थळाची. 'मी उद्या बसने ऑफिसला जातो' = 'इश फारे मोर्गेन मिट डेम बुस इन्स ब्यूरो'. क्रियापद दुसऱ्या जागी नेलं की बाकीचं मराठीसारखंच. इंग्रजीत हा क्रम उलटा पडतो.

संबंधी वाक्यंही तशीच. 'ज्या शेजाऱ्याला मी किल्ली दिली, तो' = 'डेर नाखबार, डेम इश डेन श्ल्युसेल गेगेबेन हाबे'. 'ज्याला' तिथे 'डेम', 'जो' तिथे 'डेर', 'ज्याच्या' तिथे 'डेसेन'. लिंग मागच्या नामावरून, विभक्ती आतल्या वाक्यातल्या कामावरून. मराठीत आपण रोज हेच करतो, फक्त कोणी नियम विचारत नाही.

मराठी जिथे साथ सोडते ती जागा वेगळी नोंदवली. जोडवाक्य आधी आलं की मुख्य वाक्य थेट क्रियापदाने सुरू होतं: 'वेन एस रेगनेट, ब्लाइबे इश त्सु हाउझे' (पाऊस पडला तर मी घरी थांबतो). मराठीत 'तर मी' येतं, म्हणून तोंडून 'इश ब्लाइबे' निघतं. यावर उपाय एकच: 'क्रियापद, स्वल्पविराम, क्रियापद' असं वहीच्या समासात लिहिलं आणि 'वेन'ने सुरू होणारी वीस वाक्यं मोठ्याने म्हटली. आठवड्याभरात जमतं असं नाही. महिना धरा.

6 ऑक्टोबर: आकडे, वेळ, नावाचं स्पेलिंग

हा भाग सोपा म्हणून ए2 ला पळवला जातो आणि फोनवर नेमका इथेच घोळ होतो.

आकडे: 25 ला 'फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश', म्हणजे पाच-आणि-वीस. इंग्रजी आकड्यावरून गेलं की उलटापालट होते. पंचवीस, सदतीस, त्र्याऐंशी: मराठीत एकक आधीच येतो. आकडे ऐकताना थेट मराठीत लिहायचा सराव लावला. एकाने 22 अक्षरांचा आयबॅन (बँक खात्याचा क्रमांक) वाचायचा, दुसऱ्याने लिहायचा. चुका लगेच कमी झाल्या. फोनवर 'त्स्वाय' आणि 'ड्राय' सारखे ऐकू येतात म्हणून लोक 2 ला 'त्स्वो' म्हणतात, हे माहीत नसेल तर नंबरात भोक पडतं.

वेळ: पुस्तकात 'फिअर्टेल नाख त्स्वाय' (सव्वादोन) शिकवतात. श्टुटगार्टात बेकरीवाली, न्हावी, शाळेचं ऑफिस 'फिअर्टेल ड्राय' म्हणतात. तेही सव्वादोनच, सव्वातीन नाही. 'हाल्प ड्राय' म्हणजे अडीच. 'ड्रायफिअर्टेल ड्राय' म्हणजे पावणेतीन. पुढच्या तासाकडे बघून मोजायचं, एवढं एक धरलं की तिन्ही रूपं बसतात.

स्पेलिंग: जर्मन अक्षरांची नावं वेगळी, आणि सगळ्यात घातक म्हणजे पहिलं अक्षर. इंग्रजी वळणाने 'ए' म्हटलं की समोरचा पाचवं अक्षर लिहितो, कारण जर्मनमध्ये पहिल्याचं नाव 'आ' आणि पाचव्याचं 'ए'. इंग्रजीतला 'जे' इथे 'योट', 'डब्ल्यू' इथे 'वे', 'व्ही' इथे 'फाउ', 'वाय' इथे 'इप्सिलोन'. जोशी, वाघ, यादव आडनावाच्या मंडळींनी हे आधी पाठ करावं. फोनवर प्रत्येक अक्षरासाठी एक ठरलेलं नाव सांगतात. देशपांडे असं सांगायचं: डोरा, एमिल, झीगफ्रीड, हाइनरिश, पाउला, आंटोन, नोर्डपोल, डोरा, एमिल. 2022 मध्ये ऑफिसांसाठीच्या नियमावलीत शहरांची नवी यादी आली (आखेन, एसेन वगैरे), पण फोनवर जुनी नावं सर्रास चालतात. आपापल्या नावाची चिठ्ठी फोनजवळ लावली.

उच्चाराबद्दल एवढंच: जर्मन 'त्स' मराठी माणसाला फुकट मिळतो, 'चमचा'मधला च. 'झी'मधला झ म्हणजे आपल्या 'माझा'मधला. मेहनत लागते ती दोन टिंबांच्या ऊ ला. ओठ 'ऊ'चे ठेवायचे आणि म्हणायची 'ई'. 'श्ल्युसेल'ला 'श्लुसेल' म्हटलं तरी लोक समजून घेतात. पण 'शोन' (आधीच) आणि 'श्योन' (सुंदर) यांत फरक ठेवावाच लागतो.

16 ऑक्टोबर: जिन्यातली चिठ्ठी

लेखनाचं पहिलं खरं काम. शनिवारी 18 तारखेला एका घरी दिवाळीचा फराळ, वीसेक माणसं. रात्री 10 ते सकाळी 6 शांततेची वेळ, त्यामुळे शेजाऱ्यांना आधी कळवणं बरं. पहिला मसुदा इंग्रजीवरून उतरवलेला होता, लांबलचक, माफीच्या तीन वाक्यांसकट. तो काढून हा लावला:

'लीबे नाखबारिनेन उंड नाखबार्न, आम झाम्सटाग, 18. ओक्टोबर, फायर्न वीर डिवाली, उन्झेर लिश्टरफेस्ट. एस क्योन्टे बिस 22 ऊर एटवास लाउटर वेर्डेन. फाल्स एस झी श्ट्योर्ट, क्लिंगेल्न झी बिट्टे बाय उन्स. हेर्त्सलिशे ग्र्यूसे', खाली घराच्या बेलवरचं नाव.

यात बी1 चं व्याकरण दोनच ठिकाणी आहे: 'क्योन्टे' (होऊ शकेल) आणि 'फाल्स' (जर). चिठ्ठी पुढच्या दाराच्या आत, टपालपेट्यांशेजारी. पणत्या मात्र घरातच. जिना ही आगीतून बाहेर पडायची वाट, तिथे जळतं काही ठेवलं की हाउसफरवाल्टुंगचं पत्र ठरलेलं, आणि ते वाचायला बी1 पुरत नाही.

21 ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. फक्त कार्डांची उजळणी.

27 ऑक्टोबर: ऐकणं, जे चाललं नाही ते

मालिका सबटायटल्ससह बघणं महिनाभर चालवलं. करमणूक झाली, कान तयार झाला नाही. सबटायटल असलं की डोळे वाचतात आणि कान सुटीवर जातात.

त्याऐवजी एक-दीड मिनिटाचा तुकडा घेतला. डॉइचे वेलेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, किंवा 2024 पासून सुरू झालेली सोप्या भाषेतली 'टागेसशाउ' (टीव्हीवरच्या बातम्या). पहिल्यांदा नुसतं ऐकायचं आणि कोण-कुठे-कधी लिहायचं. दुसऱ्यांदा थांबत थांबत शब्दशः उतरवायचं. तिसऱ्यांदा लेखी मजकुराशी ताडून बघायचं आणि सुटलेल्या जागा लाल करायच्या. एका तुकड्याला पंचवीस मिनिटं लागतात. चौघांच्या लाल खुणा जुळवून पाहिल्या तर सुटणारे शब्द अवघड नव्हतेच: 'आइनेन'चं 'नेन', 'हाबेन वीर'चं 'हाम्वा', अशी गिळलेली रूपं. म्हणून शब्दसंग्रह वाढवून ऐकणं सुधारत नाही. ही गिळलेली रूपं कानाला ओळखीची व्हावी लागतात.

स्वाबियन बोलीबद्दल (श्टुटगार्ट ज्यात येतं त्या श्वाबेन भागाची बोली): शिकायची नाही, ओळखायची. 'ई' म्हणजे मी, 'इश' म्हणजे आहे (पुस्तकी 'इश' म्हणजे मी, म्हणून सुरुवातीला पार गोंधळ), 'नेट' म्हणजे नाही, 'शाफेन' म्हणजे काम करणं, 'हेबेन' म्हणजे धरणं. शेजारीण 'हेबेन झी माल' म्हणाली तर पिशवी धरायची, वर उचलायची नाही.

3 नोव्हेंबर: दवाखान्याचा फोन

सर्दी-तापाचे दिवस. हाच आठवडा निवडला कारण फोन खरेच करावे लागणार होते.

पाठ्यपुस्तकातला संवाद दोन ओळींत संपतो. खऱ्या फोनवर पलीकडून तीन प्रश्न येतात आणि ते पुस्तकात सहसा नसतात: 'वारेन झी इन डीझेम क्वार्टाल शोन बाय उन्स?' (या तिमाहीत आधी आला होतात का?), 'झिंट झी गेझेत्सलिश ओडर प्रिवाट फरझिशर्ट?' (विमा सरकारी पद्धतीचा की खाजगी?), 'वोरुम गेट एस?' (कशासाठी?). तिमाहीचा प्रश्न विमा-कार्डामुळे. सरकारी पद्धतीच्या विम्यात ते दर तिमाहीला दवाखान्यात एकदा लावावं लागतं. हे कारण कळलं की प्रश्न अर्धवट ऐकू आला तरी उत्तर देता येतं.

तयार केलेला क्रम: नाव (डोरा-एमिलसकट), जन्मतारीख, त्रास, कधीपासून, मग मागणी: 'हेटेन झी हॉइटे ओडर मोर्गेन नोख आइनेन टर्मीन फ्राय?' 'हाबेन झी'च्या जागी 'हेटेन झी' एवढ्यानेच बोलणं सभ्य होतं. 'मला हवं आहे'चं 'इश विल' फोनवर तुटक वाटतं. 'इश म्योश्टे' किंवा 'इश ब्राउखे' घ्या.

त्रास सांगताना पुन्हा मराठीच उपयोगी. 'मला थंडी वाजतेय' = 'मीर इस्ट काल्ट', 'मला मळमळतंय' = 'मीर इस्ट श्लेश्ट', 'मला गरगरतंय' = 'मीर इस्ट श्विंडलिश', 'माझी पाठ दुखते' = 'डेर र्युकेन टूट मीर वे'. त्रास 'मला' होतो, दोन्ही भाषांत. इंग्रजीवरून 'इश बिन काल्ट' म्हटलं तर 'मी थंड स्वभावाचा आहे' असं काहीसं होतं.

कळलं नाही तर: 'एंटशुल्डिगुंग, क्योन्टेन झी डास बिट्टे लांगझामर वीडरहोलेन?' आणि शेवटी वेळ स्वतःच्या तोंडाने परत म्हणायची: 'आल्झो, डोनर्सटाग उम फिअर्टेल ड्राय, रिश्टिश?' हे शेवटचं वाक्य वगळलं की चुकीच्या वेळी दारात उभं राहण्याची पाळी येते.

कामाच्या गोष्टी: दवाखाना बंद असताना 116117, जिवावर बेतलं तर 112. दवाखान्याला आधीपासून माहीत असलेल्या रुग्णाला, लक्षणं गंभीर नसतील तर, फोनवरच पाच दिवसांपर्यंतचं आजारपणाचं प्रमाणपत्र मिळू शकतं (डिसेंबर 2023 पासून). सरकारी विमा असेल तर 2023 पासून ते कंपनी ऑनलाइन मागवते, कागद द्यावा लागत नाही. पण आजारी असल्याचं ऑफिसला स्वतः कळवावंच लागतं.

17 नोव्हेंबर: डेर-डी-डास, किती करायचं आणि किती सोडायचं

नामापुढचं 'डेर' पुल्लिंगी, 'डी' स्त्रीलिंगी, 'डास' नपुंसकलिंगी. मराठीत तीन लिंगं आहेत, त्यामुळे कल्पना समजवावी लागत नाही. पण लिंग जुळेल ही आशा सोडा: टेबल आपल्याकडे ते, इथे 'डेर टिश'. मुलगी आपल्याकडे ती, इथे 'डास मेडशेन'.

शेवटावरून लागणारी लिंगं पाठ केली, कारण बी1 च्या यादीत असे शब्द भरपूर आहेत. -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट, -त्सिओन, -टेट: सगळे 'डी'. -शेन, -लाइन: 'डास'. -इस्मुस, -लिंग: 'डेर'. हाउसफरवाल्टुंग, रेशनुंग, क्युंडिगुंग, फरझिशरुंग: पत्रव्यवहारातले अर्धे शब्द 'डी' निघतात.

विशेषणांच्या प्रत्ययांचा पूर्ण तक्ता घोटायचा प्रयत्न दोन आठवडे खाऊन गेला. बोलताना तक्ता आठवत बसलं की वाक्य हातचं जातं. त्याऐवजी 'मिट'नंतर उपपद असेल तर विशेषणाला नेहमी '-एन' (मिट डेम नॉयेन नाखबार, मिट डेर नॉयेन नाखबारिन) एवढं पक्कं केलं, आणि बाकीचं तयार तुकड्यांत. प्रत्यय चुकला तरी काम अडत नाही. क्रियापदाची जागा चुकली तर अडतं. वेळ तिकडे घालावा.

जागा दाखवणारी नऊ अव्ययं (आन, आउफ, हिंटर, इन, नेबेन, यूबर, उंटर, फोर, त्स्विशेन) मात्र सोडून चालत नाहीत. कुठे आहे: चतुर्थी. कुठे नेलं: द्वितीया. 'डास पाकेट लीग्ट फोर डेर ट्युर' (पार्सल दारापुढे आहे), 'लेगेन झी डास पाकेट बिट्टे फोर डी ट्युर' (पार्सल दारापुढे ठेवा). पार्सलवाल्याच्या एका वाक्यावर सगळी नऊ बसवून घेतली.

24 नोव्हेंबर

पालकसभा. एक प्रश्न घरूनच लिहून नेलेला: 'विसेन झी शोन, वान डी क्लासेनफार्ट श्टाटफिंडेट?' (सहल कधी आहे ते ठरलंय का?) उत्तर कळलं, त्यापुढची वीस मिनिटं नाही. एकाच वेळी चार पालक बोलतात, तिथे बी1 अपुरं पडतं. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त मागवून वाचलं.

1 डिसेंबर: शेजाऱ्यांशी बोलणं

अडथळा ठरलेला: दोन वाक्यांनंतर समोरचा इंग्रजीवर येतो. त्यावर एक वाक्य पाठ: 'क्योन्टेन वीर बिट्टे बाय डॉइच ब्लाइबेन? इश यूबे गेराडे.' (जर्मनमध्येच बोलूया का? सराव चाललाय.) बहुतेक जण खूश होतात.

विषय हवा असेल तर केरवोखे आहेच: जिना झाडण्या-पुसण्याची आठवड्याची पाळी, श्वाबेन भागाची खासियत. पाटी दाराला लटकली की पाळी तुमची. 'क्योन्टेन वीर डी केरवोखे टाउशेन? वीर झिंट नेक्स्टे वोखे निश्ट डा.' (पाळी बदलायची का? पुढच्या आठवड्यात आम्ही नाही.) या एका विनंतीवरून पाच मिनिटं सहज निघतात, आणि बोलणं हवेवर न राहता कामाचं राहतं.

छोटे शब्द: 'माल', 'डोख', 'या', 'हाल्ट'. पाठ्यपुस्तकं यांना घाबरवून ठेवतात. मराठीतले 'जरा', 'की', 'ना' आठवा. 'कोमेन झी डोख माल फोरबाय' म्हणजे 'या ना जरा कधी'. नकारार्थी प्रश्नाला होकार द्यायचा तर 'या' नाही, 'डोख': 'चहा नको ना?' 'हवाय की!' यातला 'की'. आधी फक्त 'माल' आणि 'डोख' वापरायचं ठरवलं. चारही एकदम घातले की बोलणं नाटकी होतं.

12 डिसेंबर: वार्षिक हिशोबाचं पत्र

सगळ्यांत किचकट काम. नेबेनकोस्टेन-आबरेशनुंग म्हणजे हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याची वीज यांचा वर्षाचा हिशोब. हिशोबाचं वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत तो भाडेकरूच्या हातात पडायला हवा. उशिरा आला तर, त्या उशिराला घरमालक जबाबदार असेल तर, जास्तीची रक्कम मागता येत नाही. भाडेकरूला हरकत घ्यायला मिळाल्यापासून 12 महिने. 2024 चे हिशोब म्हणूनच डिसेंबरात धडाधड येतात.

पत्र पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं तर दुसऱ्या परिच्छेदात दम लागतो. वाचायचा क्रम उलटा लावला: आधी 'बेट्रेफ' (विषय), मग आकडे आणि तारखा, मग 'बिस त्सुम' (या तारखेपर्यंत) कुठे आहे ते, मग 'नाखत्सालुंग' (भरायची रक्कम) की 'गूटहाबेन' (परत मिळणारी). त्यानंतर क्रियापदं, आणि ती वाक्याच्या शेवटाकडून शोधायची. 'वुर्डे ... बेरेशनेट' दिसलं की 'हिशोब केला गेला'. कोणी केला ते कर्मणीत सांगतच नाहीत, शोधत बसू नका.

हीटिंगची रक्कम जास्त वाटली म्हणून पावत्या बघायला मागितल्या. पत्राचा गाभा:

'झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन, (स्वल्पविराम, पुढची ओळ लहान अक्षराने) फीलेन डांक फ्युर डी आबरेशनुंग. डी हाइत्सकोस्टेन झिंट डॉइटलिश ह्योहर आल्स इम फोरयार. डेसहाल्प म्योश्टे इश डी बेलेगे आइनझेहेन. बिट्टे टाइलेन झी मीर मिट, वान डास म्योग्लिश इस्ट. मिट फ्रॉइंटलिशेन ग्र्यूसेन' (इथे स्वल्पविराम नाही).

'दर जास्त का?' असा थेट जाब पहिल्या मसुद्यात होता, तो काढला. पावत्या बघण्याचा हक्क आहेच. तो शांतपणे मागितला की उत्तर लवकर येतं. मसुदा, तपासणी आणि शेवटची प्रत यांत दोन संध्याकाळी गेल्या. पुढच्यासाठी साचा ठेवला.

5 जानेवारी 2026

नाताळच्या सुटीत कार्डं बंद, परतल्यावर शेकडो उजळण्या बाकी. नवी कार्डं शून्यावर, जुनी रोज 80 च्या मर्यादेत, ढीग उतरेपर्यंत. यादी जानेवारीअखेरीवर ढकलली. सुटीला जाण्याआधी आठवडाभर नवी कार्डं थांबवली असती तर ही वेळ आली नसती. पुढच्या गटाने तसं करावं.

12 जानेवारी: परीक्षेचं गणित

कामापुरतं येतं, मग परीक्षा कशाला? कागदासाठी. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) बी1 असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, ए1 वर 27 महिने. नागरिकत्वालाही बी1 लागतं.

ग्योटेच्या बी1 ला चार स्वतंत्र भाग: वाचन 65 मिनिटं, ऐकणं 40, लेखन 60, बोलणं जोडीने साधारण 15 (तयारीला वेगळी 15). प्रत्येकाला 100 गुण, पास 60 ला, आणि एखादाच भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. निर्वासित-स्थलांतरितांच्या इंटिग्रेशन कोर्सनंतरची परीक्षा वेगळी. तीत गुणांनुसार ए2 किंवा बी1 मिळतं.

घरची सराव-चाचणी घेतली. वाचनात वेळ कमी पडला, कारण प्रत्येक शब्द लावत बसणं. लेखनात तीन कामं: अनौपचारिक ईमेल 80 शब्द, मत 80 शब्द, औपचारिक ईमेल 40 शब्द. पहिल्या ईमेलवर अर्धा तास गेला की तिसरं राहतं. वाटणी 22, 23, 12 मिनिटं, तीन तपासायला. दिलेला प्रत्येक मुद्दा आलाच पाहिजे. सुंदर लिहून एक मुद्दा गाळला तर गुण जातात. ऐकण्यात दुसरा आणि तिसरा भाग एकदाच ऐकवतात, म्हणून प्रश्न आधी वाचून घेणं अटळ.

26 जानेवारी: करार रद्द करणं

डॉइचलांडटिकेट (देशभरच्या लोकल गाड्या-बसचा मासिक पास) 1 जानेवारीपासून 58 वरून 63 युरो. गटातल्या एकाचं ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर गेलं, तिकीट नको. महिनाअखेर बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवावं लागतं. 10 उलटून गेलेली, म्हणजे फेब्रुवारीचे 63 युरो गेलेच. तारीख आधी बघा, व्याकरण मग.

मजकूर: 'हीरमिट क्युंडिगे इश माइन आबोनेमेंट त्सुम नेक्स्टम्योग्लिशेन त्साइटपुंक्ट. बिट्टे बेश्टेटिगेन झी मीर डी क्युंडिगुंग श्रिफ्टलिश.' सोबत ग्राहक क्रमांक. दुसरं वाक्य गाळू नका, लेखी पोच हाच पुरावा. कारण लिहायची गरज नाही. ऑनलाइन केलेल्या करारांना 2022 पासून संकेतस्थळावर रद्द करण्याचं बटण असावंच लागतं, तेही वापरता येतं. पण मग लेखनाचा सराव बुडतो.

16 फेब्रुवारी: हिशोब

खर्च: पुस्तकं धरून माणशी वीस युरोच्या आत, एक आयफोनवाला सोडून. परीक्षेची फी वेगळी, केंद्रागणिक बदलते.

वाया गेलेला वेळ: मालिका (महिना), विशेषणांचा तक्ता (दोन आठवडे), पहिली शब्द-कार्डं (आठवडा).

झालेली कामं: डॉक्टरचा फोन, जिन्यातली चिठ्ठी, हिशोबाचं पत्र, तिकीट रद्द, नावाचं स्पेलिंग, केरवोखेची अदलाबदल. अर्धवट: पालकसभा. बाकी: हॉटलाइनवर यंत्राशी बोलणं. 'यंत्र तुमचं म्हणणं समजलं नाही' हे वाक्य सगळ्यांना व्यवस्थित समजतं, पुढे जाता येत नाही. तूर्त उपाय: पूर्ण वाक्य न बोलता एकच नाम बोलायचं, 'रेशनुंग' किंवा 'क्युंडिगुंग', आणि माणूस येईपर्यंत तेच. पावत्या बघायची तारीख 3 मार्च मिळाली आहे. त्यासाठी 'आब्लेझुंग' (मीटर वाचन) आणि 'फरटाइलुंग' (वाटणी) या दोन शब्दांभोवतीची कार्डं या रविवारी.